ताप डोक्यात गेला होता

फिट येणाऱ्या मुलांच्या ओपीडीत एक संवाद वारंवार ऐकू येतो. मुलगा नऊ-दहा वर्षांचा. डॉक्टर विचारतात, "फिट कधीपासून येतात?" आई सांगते, "गेल्या दिवाळीपासून." मग जरा थांबून आपणहून म्हणते, "पण साहेब, हा दोन वर्षांचा होता ना, तेव्हा याला लई ताप आला होता. ताप डोक्यात गेला होता. आठ दिवस शुद्धीवर नव्हता. त्याचंच असंल का हे?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरासाठी गेली कित्येक दशकं अमेरिकेतल्या एका लहान शहरात जुने केसपेपर चाळले गेले, आफ्रिकेतल्या वॉर्डांमध्ये मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, उंदरांच्या मेंदूत विषाणू सोडले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांतले जवळपास ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. त्यामागे बाळंतपणातल्या गुंतागुंती आहेत, अपघात आहेत, आणि मेंदूतले जंतुसंसर्गही आहेत. त्या आईच्या शंकेत बरंच तथ्य आहे. किती, हे पायरीपायरीने पाहू.

१. दोन वेगळे ताप

‘ताप डोक्यात गेला’ या तीन शब्दांत आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. त्या आधी सोडवून घेऊ.

पहिली म्हणजे तापातली फिट. घसा, कान, साधा विषाणूजन्य ताप असं काहीही कारण असतं. अंग तापतं, बाळ डोळे फिरवतं, हातपाय झटकतं, आणि काही मिनिटांत सगळं शांत होतं. जंतू मेंदूत शिरलेलाच नसतो. कोवळा मेंदू तापाला असा प्रतिसाद देतो, इतकंच. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरांपैकी दोन ते पाच मुलांना अशी फिट केव्हा ना केव्हा येते. ती सर्वांगाला आलेली, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेली आणि चोवीस तासांत एकदाच आलेली असेल, तर पुढे अपस्मार होण्याची शक्यता शंभरात एक ते दोन असते. ज्यांना कधीच फिट आली नाही अशा मुलांमध्येही ती साधारण एक किंवा त्याहून कमी असते. म्हणजे फरक फार थोडा. पहिल्या फिटनंतर त्या घरातली माणसं कित्येक रात्री जागून काढतात, म्हणून हा आकडा त्यांच्यापर्यंत पोचायलाच हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे जंतू खरोखर आत शिरणं. नारळ डोळ्यांसमोर आणा. करवंटी म्हणजे कवटी. आतलं खोबरं म्हणजे मेंदू. आणि खोबऱ्याला चिकटलेली ती पातळ तपकिरी साल म्हणजे मेंदूवरची आवरणं. संसर्ग सालीत झाला तर त्याला मेनिंजायटिस म्हणतात, खोबऱ्यात झाला तर एन्सेफलायटिस. वर्तमानपत्रं दोन्हींना ‘मेंदूज्वर’ म्हणतात. त्यात चूक नाही, पण पुढच्या आयुष्यासाठी साल आणि खोबरं यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. तो कसा, हे तिसऱ्या भागात येईल.

२. मेंदूतली मंडई

सकाळची मंडई आठवा. कोणी मेथीचा भाव सांगतंय, कोणी घासाघीस करतंय, कोपऱ्यात दोन बायका सुनेबद्दल बोलतायत. लांबून ऐकलं तर नुसता गलका, पण प्रत्येकाचं काम चाललेलं असतं. निरोगी मेंदू असाच असतो. अब्जावधी चेतापेशी आपापल्या वेळी, आपापल्या शेजाऱ्याशी विजेच्या बारीक संकेतांतून बोलत असतात.

आता कल्पना करा, एका गाळ्यावर कोणीतरी टाळी वाजवू लागलं, शेजाऱ्याने साथ दिली आणि बघता बघता अख्खी मंडई एकाच ठेक्यात टाळ्या पिटू लागली. आवाज प्रचंड, पण व्यवहार ठप्प. फिट म्हणजे हेच. हजारो पेशी एकाच वेळी, एकाच तालात पेटतात. हे हात हलवणाऱ्या भागात झालं तर हात झटकतो, सगळीकडे पसरलं तर शुद्ध हरपते.

एरवी हे होत नाही, कारण मेंदूत चेतवणारे आणि आवरणारे असे दोन्ही संकेत असतात. चेतवण्याचं काम मुख्यतः ग्लुटामेट हे रसायन करतं, आवरण्याचं गाबा हे रसायन. बैल जोरकस आहे, पण नाकात वेसणही आहे.

संसर्गात ही वेसण सैल होते. काही आवरणाऱ्या पेशी मरतात. जगलेल्या पेशी नवे धागे जोडतात, पण पुरात पूल वाहून गेल्यावर गावकरी जशा मिळेल तिथून आडवाटा पाडतात, तसेच हे धागे भलत्याच ठिकाणी जाऊन मिळतात. शिवाय चेतापेशींच्या भोवती ग्लायल पेशी नावाच्या मदतनीस पेशी असतात. त्या सांडलेलं ग्लुटामेट उचलून जागा साफ ठेवतात. जखमेनंतर त्या सुजतात, व्रण तयार करतात आणि साफसफाईत मागे पडतात. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. आठवणी बांधण्याचं काम त्याच्याकडे असतं. त्याला या सगळ्याची झळ फार लवकर लागते.

ही डागडुजी एका दिवसात होत नाही. तिला महिने लागतात, कधी वर्षं. म्हणून दोन वर्षांच्या मुलाला झालेल्या आजाराचा परिणाम तो शाळेत जायला लागल्यावर दिसू शकतो. मधला काळ वरवर अगदी शांत असतो. मूल खेळतं, जेवतं, अभ्यास करतं. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म त्या शांत काळात आहे.

एक व्याख्या इथेच सांगून ठेवतो, शेवटी ती लागणार आहे. आजार चालू असताना, तापात किंवा बेशुद्धीत आलेली फिट म्हणजे अपस्मार नव्हे. ती चालू आजाराचं लक्षण असते. सगळं बरं झाल्यावर, काही ताजं कारण नसताना फिट आली, आणि चोवीस तासांहून जास्त अंतराने पुन्हा आली, की डॉक्टर त्याला रूढ अर्थाने अपस्मार म्हणतात. फेफरं, मिरगी, आकडी ही त्याचीच घरगुती नावं.

३. रॉचेस्टरमधले ७१४ जण

धोका नेमका किती, हे मोजायला काय लागतं? आजारी पडलेल्यांची पूर्ण नोंद, आणि त्यांचं पुढच्या वीस वर्षांत काय झालं याचीही नोंद. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर हे शहर आहे. तिथे मेयो क्लिनिक असल्यामुळे शहरातल्या आणि आसपासच्या माणसांचे वैद्यकीय कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. जॉन अ‍ॅनेगर्स आणि सहकाऱ्यांनी ते चाळून १९३५ ते १९८१ या काळात मेंदूचा संसर्ग होऊन वाचलेले ७१४ जण शोधले आणि १९८८ मध्ये निष्कर्ष छापले.

एकूण धोका सर्वसाधारण लोकांच्या जवळपास सातपट निघाला. वीस वर्षांत शंभरातल्या सुमारे सात जणांना विनाकारण फिट आली. पण सरासरी आकडा बऱ्याच गोष्टी झाकतो. शेतातल्या विहिरीची ‘सरासरी खोली’ सांगून पोहायला न येणाऱ्याचा काय उपयोग? म्हणून त्यांनी गट पाडले. प्रत्येक गटात शंभर माणसं आहेत असं धरून पाहू.

विषाणूमुळे खोबऱ्यात, म्हणजे मेंदूतच दाह झाला आणि त्या आजारात फिटही आल्या, अशा शंभरांपैकी २२ जणांना पुढे फिट आली. दाह झाला पण त्या वेळी फिट आली नाही, अशांत १० जणांना. जिवाणूंमुळे आवरणांचा दाह झाला आणि फिट आल्या, तर १३. फिट नव्हत्या, तर २.४. आणि विषाणूमुळे फक्त आवरणांना दाह झाला असेल तर २.१, म्हणजे इतर कोणाहीइतकेच.

या आकड्यांतून दोन प्रश्न आपोआप पुढे येतात. संसर्ग सालीत होता की खोबऱ्यात? आणि त्या आजारपणात फिट आली होती का? त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर या दोन प्रश्नांवर बरंचसं अवलंबून आहे. धोका पहिल्या पाच वर्षांत सर्वाधिक होता, पण नंतरच्या पंधरा वर्षांतही पूर्ण मावळला नव्हता.

४. ब्लँटायरचा वॉर्ड

रॉचेस्टर श्रीमंत देशात आहे. जिथे मुलांच्या मेंदूवर सर्वात मोठा घाला पडतो, तिथे काय घडतं? त्यासाठी आफ्रिकेतल्या मलावी देशात, ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये जावं लागेल.

तिथला शत्रू मलेरिया. त्याची फाल्सिपेरम ही जात सर्वात घातक. तिने ग्रासलेल्या तांबड्या पेशी चिकट होतात आणि मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. गटारीत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून पाणी तुंबावं तसं रक्त तुंबतं. मूल काही तासांत बेशुद्ध होतं. परजीवी मेंदूच्या पेशींत शिरत नाही, वाहिन्यांतच राहतो, तरीही मेंदू सुजतो.

या वॉर्डात टेरी टेलर आणि माल्कम मॉलिन्यू यांनी कित्येक वर्षं काम केलं. २००४ मध्ये त्यांच्या गटाने छापलेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. मेंदूचा मलेरिया म्हणून दगावलेल्या ३१ मुलांचं शवविच्छेदन केलं, तेव्हा सात मुलांच्या मृत्यूचं कारण वेगळंच निघालं. रक्तात मलेरिया होता, पण मारलं दुसऱ्याच आजाराने. जिथे बहुतेक मुलांच्या रक्तात परजीवी असतोच, तिथे ही चूक कोणाकडूनही होईल. मग खरा मेंदूचा मलेरिया ओळखायचा कसा? उत्तर डोळ्यात सापडलं. बुबुळामागच्या पडद्यावर विशिष्ट पांढुरके ठिपके आणि रक्तस्रावाच्या खुणा दिसतात. डोळ्याचा पडदा मेंदूचाच बाहेर आलेला कोपरा आहे. खिडकीतून डोकावल्यावर घराची अवस्था कळते तसं ते आहे.

ही ओळख पक्की झाल्यावर ग्रेचेन बर्बेक यांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. वाचलेल्या मुलांचं घरी गेल्यावर काय होतं? त्यांनी मेंदूच्या मलेरियातून वाचलेली १३२ मुलं घेतली. त्याच काळात रुग्णालयात आलेली, पण मेंदूला झळ न पोचलेली २६४ मुलं तुलनेसाठी घेतली. सगळ्यांचा गावोगाव पाठपुरावा केला. निष्कर्ष २०१० मध्ये आले. मलेरियाच्या १३२ पैकी १२ मुलांना अपस्मार झाला. तुलनेच्या २६४ पैकी एकालाही नाही.

आता हिशेब करून पाहू. अपस्मार झालेल्या १२ पैकी ११ मुलांना त्या आजारपणात फिट आल्या होत्या. अपस्मार न झालेल्या १२० पैकी ७६ जणांना आल्या होत्या. म्हणजे आजारात फिट आलेली एकूण मुलं ८७, त्यांतली ११ पुढे अपस्मारी, आठात एक. आजारात फिट न आलेली ४५, त्यांतलं एकच. रॉचेस्टर आणि ब्लँटायर, एक बर्फाळ आणि एक उष्ण, जंतू वेगळे, पैसा वेगळा, आणि खूण मात्र तीच. दुसरी खूण होती तापाची उंची. अपस्मार झालेल्यांचा ताप इतरांपेक्षा जास्त चढला होता.

त्याच गटात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती जास्त चटका लावते. वाचलेल्यांपैकी तपासता आलेल्या १२१ मुलांत २८ जणांना पुढे नवी अपंगत्वं जडली. बोलणं, चालणं, वागणं यांतली. तुलनेच्या २५३ मध्ये फक्त दोघांना. रुग्णालयातून सुट्टी मिळताना घरच्यांना वाटतं, संकट टळलं. काही घरांत ते नंतर उगवतं.

५. फिट थांबवली तर?

आजारात फिट येणाऱ्यांना पुढे अपस्मार होतो, हे कळलं की कोणीही म्हणेल, मग त्या फिटच थांबवा. हा विचार केनियातल्या किलिफी इथल्या डॉक्टरांना आधीच सुचला होता. त्यांचा निकाल सन २००० मध्ये आला. मेंदूचा मलेरिया झालेली ३४० मुलं होती. निम्म्यांना आल्याबरोबर फेनोबार्बिटोन या जुन्या, स्वस्त औषधाचं एक इंजेक्शन दिलं. निम्म्यांना बिनऔषधी इंजेक्शन.

फिट कमी झाल्या. तीन किंवा अधिक फिट आलेली मुलं बिनऔषधी गटात ४६ होती, औषधाच्या गटात १८. पण बिनऔषधी गटात १४ मुलं दगावली आणि औषधाच्या गटात ३०. दुपटीहून जास्त.

हे औषध मेंदूला शांत करतं, आणि त्याबरोबर श्वासावर ताबा ठेवणाऱ्या केंद्रालाही. व्हेंटिलेटर असता तर श्वास सांभाळता आला असता, पण तो तिथे नव्हता. हा प्रयोग केला नसता तर काय झालं असतं? सद्‌हेतूने, सगळीकडे, प्रत्येक मुलाला ते इंजेक्शन देणं चालू राहिलं असतं. संशोधकांनी हा कडू निकाल जसाच्या तसा छापला, त्याने पुढची कित्येक मुलं वाचली.

शिवाय त्यातून एक खोल प्रश्न उरला. आजारातली फिट ही पुढच्या अपस्माराचं कारण आहे, की फक्त मेंदूला जास्त मार बसल्याची निशाणी? धूर दिसला म्हणून धुरावर पाणी मारून आग विझत नाही.

६. काळे उंदीर

याचं उत्तर माणसांत शोधणं अवघड. म्हणून उंदीर. पण इथे वेगळीच अडचण होती. मेंदूत विषाणू सोडला की उंदीर बहुधा मरून जात, आणि मेलेल्या उंदराला अपस्मार होत नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमधल्या युटा विद्यापीठात रॉबर्ट फुजिनामी यांच्या गटाने हा पेच सोडवला. पीतज्वराच्या लशीसाठी १९५१ चं नोबेल मिळवणाऱ्या मॅक्स थायलर यांनी उंदरांचा एक विषाणू शोधला होता. तो विशिष्ट जातीच्या काळ्या उंदरांना दिला, तर थोड्याच दिवसांत त्यांतल्या बऱ्याच जणांना फिट येतात, पण ते जगतात. त्यांचं शरीर विषाणूचा पूर्ण निकाल लावतं. मग शांतता. आणि काही आठवड्यांनी, विषाणूचा मागमूस नसताना, पुन्हा फिट. माणसाच्या मुलात जे वर्षांत घडतं ते इथे डोळ्यांसमोर, महिन्यांत घडतं.

पुढचा शोध अधिक मोलाचा होता. त्या फिट विषाणूने मारलेल्या पेशींमुळेच येत होत्या असं नाही. संसर्ग झाला की शरीराचे रक्षक धावून येतात आणि सूज आणणारी रसायनं सोडतात. त्यांतली दोन म्हणजे इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ. ज्या उंदरांत इंटरल्यूकिन-६ बनतच नव्हतं, किंवा टीएनएफचा निरोप घेणारा पेशीवरचा दरवाजाच नव्हता, त्यांना फिट बऱ्याच कमी आल्या. गंजीला आग लागली, गावकऱ्यांनी पळत येऊन विझवली, पण त्या धावपळीत शेजारचं उभं पीक तुडवलं गेलं. मेंदूतही नुकसानीचा मोठा वाटा विझवणाऱ्यांचाच.

मग सूज दाबणारं औषध द्यावं? तेही सरळ नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये मृत्यू कमी करतं. तेच औषध मेंदूच्या मलेरियात थायलंडमध्ये वापरून पाहिलं, तर १९८२ च्या त्या अभ्यासात रुग्णांची बेशुद्धी उलट लांबली. आग विझवणाऱ्यांना कधी थांबवायचं आणि किती, हे जंतूगणिक बदलतं. मधल्या शांत काळात देऊन पुढचा अपस्मार टाळेल असं सिद्ध झालेलं औषध आज बाजारात नाही. फिटच्या गोळ्या फिट दाबतात, अपस्माराची घडण थांबवत नाहीत.

७. न कळता होणारा संसर्ग

आपल्या देशात मात्र मेंदूच्या संसर्गातून येणाऱ्या फिटचं एक मोठं कारण असं आहे की त्यात बहुधा ताप येतच नाही.

१९८०च्या दशकात सीटी स्कॅन आले आणि फिट येणाऱ्या कित्येक भारतीय मुलांच्या, तरुणांच्या मेंदूत एकच छोटी गोल गाठ दिसू लागली. पुण्याच्या डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनीही १९८७ मध्ये अशा रुग्णांवर लिहिलं. आपल्याकडे गाठ म्हटलं की क्षय, म्हणून क्षयाची औषधं दिली जात. गाठ नाहीशी होई. निदान खरं ठरलं असं वाटे. पण औषध न देताही गाठी नाहीशा होत होत्या! वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मॅथ्यू चंडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा काही गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. १९८९ मध्ये त्यांनी सांगितलं की हा क्षय नाही, ही डुकरातल्या पट्टकृमीची अळी आहे.

"पण आम्ही तर शाकाहारी!" हे उत्तर लगेच येतं. इथे नीट समजून घ्या. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो. त्या माणसाच्या विष्ठेतून हजारो अंडी बाहेर पडतात. ती उघड्यावरून मातीत, पाण्यात, पालेभाजीवर, न धुतलेल्या हातांवर जातात. ती पोटात गेली की अळी रक्तातून मेंदूत पोचते. म्हणजे मेंदूतल्या गाठीसाठी मांस खावं लागत नाही. कोणाच्या तरी शौचालयाचा अभाव पुरतो.

ही अळी वर्षानुवर्षं शरीराला चकवून गप्प बसते. ती मरू लागली की शरीराला तिची ओळख पटते, सूज येते, आणि पहिली फिट येते. इथेही फिट येते ती रक्षकांच्या धावपळीत. भारतात राहून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना कित्येक वर्षांनी फिट येऊ लागल्या, तेव्हा लष्करी डॉक्टरांना १९३० च्या दशकात हे कोडं पडलं होतं. त्यांच्यासारख्या ४५० रुग्णांचा अहवाल १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम्ब यांनी छापला.

एकच गाठ असलेल्या बहुतेक मुलांचं पुढे चांगलं होतं. गाठ विरते, काही काळाने गोळ्या बंद करता येतात. गाठ चुन्यासारखी घट्ट होऊन राहिली तर फिट परत येण्याची शक्यता जास्त.

हा आजार हटवता येतो, हे पेरू देशाने दाखवलं. तिथल्या तुंबेस भागात माणसांना आणि डुकरांना जंताची औषधं दिली, डुकरांना लसही टोचली. २०१६ च्या अहवालानुसार १०७ पैकी १०५ गावांतल्या तपासलेल्या डुकरांत जिवंत अळी सापडली नाही.

८. जंतूचं नाव

तापाबरोबर फिट आणि बेशुद्धी आली की नाव लवकर कळायला हवं, कारण उपचार नावावर ठरतो. गोरखपूरचं उदाहरण घ्या. २००५ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात जपानी मेंदूज्वराने कहर केला. पाच हजार सातशेहून अधिक रुग्ण, तेराशेहून अधिक मृत्यू, बहुतांश मुलं. पुढच्या वर्षीपासून लस आली. जपानी मेंदूज्वर घटला, तरी दर पावसाळ्यात मुलं दगावतच राहिली. शेवटी चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेच्या मनोज मुऱ्हेकर आणि इतरांच्या अभ्यासांतून उलगडलं की त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना स्क्रब टायफस होता. तो गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येतो. त्याच्यावर लस नाही, पण डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही स्वस्त औषधं चालतात, वेळेवर दिली तर.

आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव तर एका विषाणूलाच मिळालं आहे. १९६५ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तो वेगळा केला. २००३ मध्ये आंध्रात त्याने ३२९ मुलांना गाठलं, १८३ गेली. महाराष्ट्रातही साथ होती. वाळूमाशी चावते, ताप चढतो, झटके येतात आणि एक-दोन दिवसांत सगळं संपतं. त्यावर औषध नाही, लसही नाही.

९. पुण्यातून निघालेल्या कुप्या

मधल्या शांत काळासाठी औषध नाही, हे वर म्हटलं. म्हणून आजतरी खरी लढाई त्याआधीची आहे, आणि तिथे काम झालेलं आहे. आफ्रिकेच्या मध्यभागी पूर्व-पश्चिम पसरलेल्या पट्ट्यात मेनिंगोकोकस-अ या जिवाणूच्या मेनिंजायटिसच्या साथी दर काही वर्षांनी हजारो जीव घेत. त्याच्यावरची मेनाफ्रीव्हॅक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत बनवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती पहिल्यांदा सार्वत्रिक दिली गेली, आणि त्या पट्ट्यातून हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. मलेरियाच्या लशीची पहिली मोहीम एप्रिल २०१९ मध्ये मलावीतच सुरू झाली. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी घडवलेली दुसरी लस, आर२१, जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारसली. तीही पुण्यातच तयार होते.

बर्बेक यांचा हिशेब उलटा मांडा. मेंदूच्या मलेरियातून वाचलेल्या अकरा मुलांमागे एक अपस्मार. म्हणजे अकरा मुलांना तो आजार होऊच दिला नाही, तर जीव वाचतात ते वाचतातच, वर एक मूल जन्मभराच्या गोळ्यांतूनही सुटतं. आपल्याकडे डिसेंबर २०११ पासून केरळ आणि तामिळनाडूतून सुरू झालेल्या पाच रोगांच्या एकत्रित लशीत हिब या जिवाणूवरची लस आहे. तोही बाळांच्या मेनिंजायटिसचं एक मोठं कारण होता. बाळाला टोचलेल्या सुईकडे फिटवरचा उपाय म्हणून कोणी पाहत नाही, पण ती तोही आहे.

१०. पिशवीतला कागद

फिट येत असताना काय करायचं, हे थोडक्यात. मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवून काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. तापाबरोबर फिट आली आणि त्यानंतर मूल नीट शुद्धीवर येत नसेल, मान ताठ वाटत असेल, तरी तसंच.

आता त्या आईकडे परत येऊ. तिच्याकडे एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत लसीकरणाचं कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, एक्सरे. नशीब असेल तर आठ वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्डही असतं. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं.

ते कार्ड औपचारिकता नाही. अपस्मारासाठी दोन फिट लागतात, असं आपण वर म्हटलं. पण अपस्मारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१४ मध्ये व्याख्या सुधारली. पुन्हा फिट येण्याची शक्यता पुढच्या दहा वर्षांत निदान ६० टक्के असेल, तर एकाच फिटवरही निदान करता येतं. पूर्वी मेंदूचा संसर्ग होऊन गेलेल्या माणसाला विनाकारण पहिली फिट आली, तर त्याची शक्यता त्या रेषेच्या आसपास किंवा वर असते. म्हणजे ‘दुसरी येते का पाहू’ म्हणून थांबायचं की आजच गोळी सुरू करायची, हे त्या जुन्या कागदावर ठरू शकतं. कार्डावर काय हवं? जंतूचं नाव सापडलं असेल तर ते. पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट. किती दिवस बेशुद्ध होता. आणि फिट आल्या होत्या का, किती आणि कोणत्या दिवशी.

सुट्टी मिळताना डॉक्टरांनी हे लिहून दिलं नसेल, तर मागून घ्या. शाई उडायच्या आत मोबाईलवर फोटो काढून ठेवा.